पद्मिनीची पादत्राणे

माणसाने दोन बाबतींत मेहुण्याचा सल्ला घेऊ नये. एक, पैसा कुठे गुंतवावा आणि दोन, गाडीला टायर कोणते घालावेत. पहिल्या बाबतीत मी पूर्ण सुरक्षित आहे. मी बँकेत क्लार्क असल्यामुळे गुंतवायला पैसा माझ्याजवळ कधी नसतोच. तो काउंटरच्या पलीकडे उभे असणाऱ्यांजवळ असतो. दुसऱ्या बाबतीत मात्र माझा पाय घसरता घसरता वाचला. त्या घसरण्याची ही कैफियत आहे. शेवटी शेवटी ती भांडणावर येईल, तेव्हा शांतताप्रिय वाचकांनी इथूनच परत फिरावे.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. 1985 चे मॉडेल. वडिलांनी, म्हणजे नानांनी, ती सेकंडहँड घेतली, कारण नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि तोवर आपला नंबर लागायचा, असा तो काळ होता. मी बी. कॉम. असल्यामुळे दर साल 15 टक्के घसारा धरून तिची आजची किंमत काढून पाहिली. चाळीस वर्षांनंतर मूळ किमतीच्या दर शंभर रुपयांमागे पंधरा पैसे उरतात. पण या पद्धतीच्या घसाऱ्याची गंमत अशी, की किंमत कितीही घटली तरी शून्य कधीच होत नाही. आमच्या घरातल्या बऱ्याच वस्तू आणि एकदोन माणसे याच हिशेबावर टिकून आहेत.

ही गाडी मूळची इटलीची. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ती 'फियाट 1100 डी' म्हणून निघू लागली आणि सत्तरच्या दशकात 'प्रेसिडेंट' होऊन पुढे 'पद्मिनी' झाली. मुंबईत ती टॅक्सी झाली, गावोगाव डॉक्टरांची गाडी झाली, लग्नात फुले लावून नवरदेवाची गाडी झाली. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्यावर इतके हळवे लेख आले, की आमच्या गल्लीत जी गाडी आजवर "काढा हो ती बाजूला" म्हणून ओळखली जायची, तिच्यासमोर पोरे फोटो काढू लागली.

आणि त्याच सुमारास माझ्या पुण्याच्या मेहुण्याला साक्षात्कार झाला.

"भाऊजी, तुम्हांला कल्पना नाही तुमच्या दारात काय उभंय! ही क्लासिक स्पोर्ट्स कार आहे!"

मी दारात जाऊन पाहिले. पद्मिनीच उभी होती. बॉनेटवर मांजर झोपले होते.

"स्पोर्ट्स कार?" मी विचारले. "अरे, हिला पाहून पाचोऱ्यात अजून एक बकरी उठलेली नाही."

"मद्रासजवळ शोलावरमला विमानाच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथं हीच फियाट धावायची! हेच इंजिन!"

हे खरे आहे. मी नंतर खात्री करून घेतली. पण शर्यतीतल्या फियाटचे इंजिन उघडून, घासूनपुसून, फुगवून बसवलेले असे. तिचे आणि आमच्या गाडीचे नाते म्हणजे हिंदकेसरी आणि मी, दोघेही मराठी भाषक, इतपतच. पद्मिनीचे इंजिन 1089 सी.सी.चे, ताकद चाळीसेक घोड्यांची. त्यांतले काही घोडे नानांच्याच काळात पेन्शनीत निघाले. शिवाय कायद्याने 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायचे तर 2021 च्या नियमाप्रमाणे गाडीला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्या हिशेबाने पद्मिनी आणि मी दोघेही अजून उमेदवारच.

हा साक्षात्कार तसा निरुपद्रवी होता. पण मे महिन्यात एक प्रकार घडला आणि मेहुण्याला आमच्या घरात कामच मिळाले.

आईला डोळे दाखवायला जळगावला नेत होतो. खानदेशातला मे म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, डांबर मऊ झालेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागच्या सीटवर आई, डोळ्यांवर ओला रुमाल. वेग पन्नासच्या आतच, कारण आई मागे असली की गाडी आपोआप तेवढ्यावर राहते. आणि एकदम तोफ सुटावी तसा आवाज झाला. गाडीने मागून अंग टाकले, उजवीकडे ओढ घेतली आणि समोरून कापसाच्या गाठींचा ट्रक! पुढच्या चार सेकंदांत मी काय केले ते मला आठवत नाही. गाडी डावीकडच्या बाभळीखाली थांबली तेव्हा ट्रक निघून गेला होता आणि आई विचारत होती, "आलं का जळगाव?"

खाली उतरून पाहतो तो मागच्या उजव्या टायरच्या चिंध्या. आणि वाचकहो, नवल असे की टायर नवाकोरा दिसत होता. नक्षी खोल. झीज नाही. गाडी महिन्यातून चारदा निघणार, टायर झिजणार कशाने?

स्टेपनी लावून परत आलो आणि फुटका टायर भडगाव रोडवरच्या टायरवाल्या आबांपुढे टाकला. आबांनी उरलेल्या तिन्ही टायरांवरूनही अंगठ्याचे नख फिरवले. रबरात बारीक बारीक भेगा. उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा.

"हाऊ टायर तं मरेल शे, भाऊ," आबा म्हणाले. मग त्यांनी टायरच्या कुशीवरचे चार आकडे दाखवले. 1411.

हे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1411 म्हणजे 2011 सालचा चौदावा आठवडा. तेरा वर्षांचा टायर! टायर कंपन्या स्वतःच सांगतात, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, कितीही चांगला दिसो, काढून टाकावा. रबर वापरल्याने झिजते आणि न वापरल्याने वाळते.

मला काय वाटले सांगू? बँकेत माझ्यासमोर रोज चेक येतात. 2012 सालच्या एप्रिलपासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली, तेव्हापासून तारखेवर माझी नजर घारीसारखी असते. नव्वदीतल्या म्हातारबाबांचा एका दिवसाने शिळा झालेला चेक मी परत केला आहे. ते काठी टेकत टेकत पुन्हा आले होते. आणि तोच मी, सहीसुद्धा भिंगातून पाहणारा मी, ज्या चार रबरी वर्तुळांवर आईला बसवून नेतो, त्यांची तारीख तेरा वर्षांत एकदाही वाचली नव्हती.

आता नवे टायर घेणे आले. मेहुणा पुण्याहून पहिल्या गाडीने आला. हातात कॅटलॉग.

"भाऊजी, आता परफॉर्मन्स टायरच!"

इथे मला जरा तोंड सोडायचे आहे. 'परफॉर्मन्स' या शब्दावर माझा फार जुना राग आहे. आमच्या बँकेत दरवर्षी आमचा 'परफॉर्मन्स' मोजतात. ग्राहकाची पेन्शन वेळेवर जमा झाली, हिशेब पैशासकट जुळला, म्हातारीचा फॉर्म भरून दिला, यांतले काहीही त्यात येत नाही. ज्याला नको त्याच्या गळ्यात विमा बांधला, की आला परफॉर्मन्स. मला आता कळून चुकले आहे, की जिथे काम मोजता येत नाही किंवा मोजायचे नसते, तिथे हा शब्द वापरतात. टायरचे काम काय? गाडी धरून ठेवणे, वळवणे, थांबवणे आणि मधेच न फुटणे. हे नीट करणाऱ्या टायरला नुसते 'टायर' म्हणतात. त्याला गुळगुळीत कागदावरचा कॅटलॉग नसतो.

मेहुण्याने निवडलेल्या टायरचे माप होते 185/60 आर 14, 82 एच. ही लिपी मला मोडी वाटत होती. पण कॉमर्सचा विद्यार्थी आकड्याला भीत नाही. टायरची रुंदी 185 मिलिमीटर. कुशीची उंची त्या रुंदीच्या 60 टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. 14 हा रिमचा व्यास, इंचांत. 82 म्हणजे एका टायरला 475 किलो भार चालेल. आणि 'एच' म्हणजे ताशी 210 किलोमीटर वेगाला मान्यता.

ताशी 210! आमची पद्मिनी ऐन तारुण्यातसुद्धा याच्या दोन तृतीयांशापलीकडे गेली नाही. समृद्धी महामार्गावरही कायदा मोटारीला 120 च्या वर जाऊ देत नाही. मग उरलेल्या नव्वद किलोमीटरचे मी काय करायचे? फिक्स्डमध्ये टाकायचे?

आता खरा हिशेब पाहा. पद्मिनीचा मूळचा टायर 5.20-14. म्हणजे रुंदी पाच पूर्णांक दोन दशांश इंच, साधारण 132 मिलिमीटर, आणि उभ्या टायरची उंची सहाशे मिलिमीटरच्या आसपास. मेहुण्याच्या टायरची उंची भरते 578. चाक लहान झाले की एका फेऱ्यात गाडी कमी अंतर जाते. पण स्पीडोमीटर फेरे मोजतो. म्हणजे परफॉर्मन्स टायर घातल्यावर काटा तीन-चार टक्के पुढे आणि गाडी तेवढीच मागे! आमच्या धंद्यात मार्चएंडला असे आकडे फुगवून दाखवतात, त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. मला वाटत होते ते फक्त बँकेतच चालते.

बरे, 185 चा टायर पद्मिनीच्या अरुंद रिमवर बसत नाही. त्याला किमान पाच इंची रिम लागते. म्हणून नव्या अलॉय रिमा घ्या. रिम बाहेर आली की टायर मडगार्डला घासतो, म्हणून मडगार्ड ठोकून घ्या. बेअरिंगवर ताण येतो, म्हणून ती बदला. पॉवर स्टेअरिंग तर या गाडीला नाहीच. रुंद टायर उभ्या जागी फिरवायचे म्हणजे आठवडी बाजारात गाडी लावताना मला रोज बैठका माराव्या लागणार. आणि ब्रेक जुने ड्रमचे. टायरने रस्ता कितीही घट्ट धरला, तरी चाकच वेळेवर थांबले नाही तर ती पकड काय चाटायची आहे? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी स्त्रियांचे चार प्रकार सांगितले होते. त्यांतल्या पद्मिनीची हस्तिनी करायला किती खर्च येतो, एवढेच मेहुण्याने कागदावर मांडून दाखवले.

"पण भाऊजी, स्पोर्ट्स कारला रुंद टायर पाहिजेच!"

पाहिजेच? 1961 साली इंग्लंडमध्ये जग्वारची ई-टाइप आली. जिला जगाने एकमुखाने स्पोर्ट्स कार म्हटले अशी ती गाडी. कंपनीने तिचा वेग सांगितला ताशी 150 मैल, म्हणजे 240 किलोमीटर. तिला टायर कोणते होते? 6.40-15. म्हणजे रुंदी सुमारे 163 मिलिमीटर. दोनशे साठांवर घोड्यांची ती गाडी 163 वर भागवते आणि चाळीस घोड्यांच्या आमच्या संस्थानाला 185 हवेत! ज्यांच्याजवळ अशा अस्सल गाड्या आहेत, त्यांतले जाणते लोक आजही जुन्याच मापाचा टायर शोधतात. मिशेलिन, पिरेली यांसारख्या कंपन्या त्यांच्यासाठी जुनी मापे मुद्दाम काढतात. कारण जुन्या गाडीचे स्प्रिंग, स्टेअरिंग, सगळा सांगाडा त्या बारीक टायरच्या हिशेबाने बांधलेला असतो. टायरने जिथे सुटायचे तिथे तो हळूहळू, आधी सांगून सुटतो. रुंद टायर शेवटपर्यंत काही बोलत नाही आणि मग एकदम राजीनामा देतो.

खरे म्हणजे ही अक्कल जग्वारकडून आणायची गरज नव्हती. आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी पट्टी असते, तिला मराठीत काय म्हणतात? धाव! लोहार ती आगीत लाल करायचा, फुगली की लाकडी चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. थंड होताना ती चाकाला अशी आवळून बसे की वर्षानुवर्षे हलत नसे. खानदेशाची काळी माती पावसाळ्यात बैलाला गुडघ्याएवढी गिळते. त्या चिखलातून ती अरुंद धाव खालच्या घट्ट जमिनीपर्यंत उतरायची. रुंद टायर चिखलावर आणि पाण्यावर तरंगतो. त्याच वजनाचा अरुंद टायर पाणी कापून खाली टेकतो. आणि आमची पाचोरा-जामनेर गाडी, पी. जे.! अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ती बाई 2020 पर्यंत शंभर वर्षे चालली. लोक चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढत असत असे म्हणतात; मी उतरलेलो आहे, चढलो मात्र धापा टाकत. तिला कोणी रुंद चाके लावा म्हटले नाही. ती जामनेरला पोचायची आणि लोकांना जामनेरलाच जायचे असायचे.

तरीही मेहुण्याच्या आग्रहाखातर आम्ही एका मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानात गेलो. तिथे काचेचे दार होते, थंडगार हवा होती, कॉफी दिली. मी टायरच्या कुशीवर बोट फिरवून चार आकडे शोधले. चार वर्षांपूर्वीचे.

"साहेब, न वापरलेला आहे. नवाच की!" विक्रेता म्हणाला.

"पण चार वर्षांचा आहे."

"रबर आहे साहेब, दूध नाही नासायला."

पुढे त्याने टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्यायला सांगितले. जास्तीचे पैसे पडतील म्हणाला. मी म्हटले, "बाबा रे, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. तेवढा फुकटातला भर, उरलेल्या 22 टक्क्यांचं आपण नंतर बघू." मेहुणा कॉफीत तोंड घालून बसला.

आता माझे भांडण कोणाशी आहे ते सांगतो. दुकानदाराशी नाही, तो विकायला बसला आहे. मेहुण्याशीही नाही, तो हौशी आहे. माझे भांडण आपल्या सगळ्यांच्या एका सवयीशी आहे. आपण टायर बाहेरून, उभे राहून बघतो. रुंद आहे का, काळा कुळकुळीत आहे का, रिम चमकते का. वाकून तारीख कोण वाचतो? पेट्रोल भरताना हवा कोण तपासतो? 2023 मध्ये समृद्धी महामार्गावर जाणाऱ्या गाड्यांचे टायर परिवहन खात्याला तपासावे लागले आणि झिजलेले निघाले तर गाड्या परत पाठवाव्या लागल्या. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, हा कायदा आहे. पण लाखोंच्या गाडीत बसून गुळगुळीत टायरवर निघणाऱ्यांना तो तिथे वाचून दाखवावा लागला. त्यांतल्या किती जणांच्या गाडीत गाणी ऐकायला चांगले हजारांचे स्पीकर असतील! तुमची सगळी गाडी, आणि तिच्यातली माणसे, रस्त्याला टेकलेली असतात ती तळहाताएवढ्या चार जागी. त्या चार तळहातांवर खर्च करायला मी नाही म्हणत नाही. जरूर करा. पण तो दिखाव्यावर नको, तारखेवर करा.

शेवटी आम्ही पाचोऱ्याला, आबांकडेच आलो. मेहुण्याने त्यांच्यापुढेही कॅटलॉग उघडला. आबांनी तो उलटा-सुलटा पाहिला, परत दिला आणि मला विचारले:

"भाऊ, टायर कोनताबी मियी जाई. पहिले सांगा, तुमले जानं कोठे शे?"

वाचकहो, पुण्यापासून इथपर्यंत एकानेही मला हा प्रश्न विचारला नव्हता.

मला जायचे होते जळगावला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कधी चाळीसगावला बहिणीकडे. पाहुणे आले तर अजिंठ्याला. वेग पन्नास, फार तर साठ. मागे आई.

आबांनी 155/80 आर 14 असे साधे, बारीक रेडियल मागवले. त्यांची उंची 604 मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाच्या जवळपास. मूळ रिमवर बसतात. जुन्या रिमा म्हणून आत ट्यूब घातली. रेडियल हे जुन्या टायरपेक्षा खरोखरच चांगले, हे मी मान्य करतो. मी नव्याचा शत्रू नाही. फक्त पाचही एकसारखे घ्यायचे, जुने आणि नवे एकत्र नांदवायचे नाहीत, हा आबांचा दंडक. यायला पंधरा दिवस लागले, पण तारीख निघाली तीन महिन्यांपूर्वीची. चेक असता तरी वटवला असता.

त्या रात्री पावत्या ठेवायला नानांची गाडीची वही काढली. नाना जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते; पेट्रोलच्या प्रत्येक लिटरची नोंद. ते 2015 मध्ये गेले, तेव्हापासून वही मी उघडली नव्हती. शेवटून तिसऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात होते: "मे 2011. पाच टायर नवे. 2017 साली बदलणे. दिसायला चांगले असले तरी."

शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केले होते. आपला मुलगा दिसण्यावर जाणारा आहे, हे त्यांना माहीत होते.

मी खाली लिहिले: "जून 2024. पाच टायर नवे. 2030 साली बदलणे." आणि वही कपाटातून काढून गाडीच्या खणात ठेवली. मुलाला दाखवून ठेवली आहे. तो म्हणाला, "पप्पा, मोबाइलवर रिमाइंडर लावू ना." मी म्हटले, "लाव. पण वहीपण राहू दे."

दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन पुन्हा जळगावला गेलो. त्याच बाभळीपाशी माझे हात थोडे घट्ट झाले. गाडी सरळ पुढे निघाली. दवाखान्याच्या दारात मी न राहवून विचारले, "आई, गाडीत आज काही फरक वाटला?"

"कसला रे?" आई म्हणाली. "मला तर झोप लागली होती."

मेहुण्याला मी हे कळवले. याहून चांगला परफॉर्मन्स त्याच्या कॅटलॉगात कुठे असेल तर पानाचा नंबर पाठव म्हणून लिहिले आहे. अद्याप उत्तर नाही.